अतिथीला विचारू नये

देवानं चातुर्मास नेमून दिला तेव्हा त्याला कल्पना नसावी की त्याच्याच शेवटी शेवटी मध्य प्रदेशाचे दोन तुकडे होतील, रायपूरला राजधानी येईल आणि भोपाळचे निम्मे कारकून पिशव्या घेऊन इकडे उतरतील. असती, तर अतिथीच्या व्रताला त्यानं एखादी पळवाट ठेवली असती. पद्मिनीबाई पांढरीपांडे यांचं निदान तसं मत होतं, आणि देवाविषयी त्या सहसा चुकीचं बोलत नसत.

व्रत साधं होतं. रोज दुपारी, न बोलावता आलेल्या एका माणसाला जेवू घालायचं आणि मगच आपण जेवायचं. पुरानी बस्तीतल्या देवळात कीर्तनकारबुवांनी नियम समजावून सांगितला होता. "ज्याला बोलावलं तो पाहुणा. ज्याला तू कुठला, कोणाचा, किती दिवस राहणार, असं विचारलं तोही पाहुणाच. काही न विचारता ज्याला पान वाढलं, तो अतिथी. उद्यापनापर्यंत हे तीन प्रश्न जिभेवर यायला नकोत." त्याच्या जोडीला पद्मिनीबाईंचं सकाळचं मौन होतंच. नैवेद्य होईपर्यंत अक्षर बोलायचं नाही.

हे सगळं त्यांनी यजमानांसाठी धरलं होतं. शालिग्राम पांढरीपांडे सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक. राज्य वेगळं होणार म्हटल्यावर खात्याची वाटणी सुरू झाली, आणि जन्म रायपुरात, लग्न रायपुरात, शंकर नगरातलं घर नुकतंच बांधून झालेलं, अशा माणसाचं नाव वाटणीत भोपाळच्या बाजूला पडलं. वशिला म्हणावा असा कोणीच नव्हता. म्हातारे नाना, म्हणजे शालिग्रामजींचे वडील, यांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, "तुमी जा. मी हा झोपाळा सोडत नाही." सासऱ्यांना टाकून भोपाळला जाणं पद्मिनीबाईंना शक्य नव्हतं आणि यजमानांना एकटं पाठवणं त्याहून नव्हतं, कारण त्यांना चहासुद्धा करता येत नसे. मग देवाखेरीज कोणाकडे जायचं?

सुरुवातीला अतिथी मिळत गेले. पोस्टमन झाला, मीटर वाचणारा झाला, गॅसवाला दोनदा झाला. पण चातुर्मासाचा स्वयंपाक म्हणजे कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. दिवाळीपर्यंत पोस्टमन पत्रं फाटकावरूनच फेकायला लागला होता.

नवं राज्य होऊन दोन दिवस झाले असतील. पद्मिनीबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. फाटक वाजलं आणि एक गोरे, गोल, घामेजलेले गृहस्थ वळकटी घेऊन आत आले.

"नमस्कार ताई. मी अनंतराव. दादानं पाठवलंय. म्हणाला, घर आपलंच समज, संकोच केलास तर ताईला वाईट वाटेल."

पद्मिनीबाईंचं मौन होतं. त्यांनी हात जोडले. भाऊ त्यांना तीन. एक अकोल्याला, एक वर्ध्याला, एक बालाघाटला. यांतला कोणता दादा, हे खुणेनं विचारता येत नाही. त्यांनी बोटानं घराकडे दाखवलं. त्यांच्या मनात होतं, आत यजमान आहेत, त्यांच्याशी बोला. गृहस्थांना वाटलं, आत या.

ते आत गेले. यजमान तोवर मागच्या दारानं सायकल काढून ऑफिसला निघाले होते.

दुपारी पान वाढलं. अनंतरावांनी सुवासिक दुबराज तांदळाच्या भातावर वरण घेतलं, तूप घेतलं, लाल भाजीचा घास घेतला आणि डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "दादा काही म्हणो. भावाला बहिणीची किंमत नसते हेच खरं."

दादा काय म्हणाला होता, ते विचारावंसं पद्मिनीबाईंना फार वाटलं. पण "कोणाचा" हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला असता. त्यांनी कढी वाढली.

संध्याकाळी शालिग्रामजी परतले तेव्हा त्यांच्या झोपाळ्यावर चौकड्याची लुंगी नेसलेला एक इसम नानांशी झब्बू खेळत होता. इसमानं मान वर करून विचारलं, "आज उशीर झाला?"

"साहेबानं थांबवलं होतं," शालिग्रामजी म्हणाले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. "कोण आहे तो?"

"माझ्या माहेरचे असतील."

"असतील म्हणजे?"

"विचारायचं नाही ना. व्रत मोडते."

शालिग्रामजी तांब्याभर पाणी प्यायले. माहेरचा माणूस म्हटल्यावर संसारी पुरुषानं किती बोलावं याला मर्यादा असते. शिवाय व्रत त्यांच्याच बदलीचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तिन्ही मेहुण्यांना फोन केले. अकोल्याचा म्हणाला, मी नाही पाठवला, वर्ध्याच्यानं पाठवला असेल, त्याची सवयच तशी आहे. वर्ध्याच्यानं बालाघाटच्या वहिनींचं नाव घेतलं. बालाघाटचा म्हणाला, "भाऊजी, मी कोणाले पाठवलं नाही. अन् तुमच्या घरी एक माणूस आला तर तुमी गावोगाव फोन करत सुटाल काय?" आणि त्यानं फोन ठेवला.

म्हणजे माणूस माहेरचा नव्हता. सासरचा नव्हता. आणि घरातल्या कोणीही विचारलं तरी व्रत मोडणारच, असं पद्मिनीबाईंचं म्हणणं. तरीही त्यानं कोनाड्यातली शालिग्रामजींची दाढीची वाटी एका बाजूला सरकवून तिथं स्वतःची ठेवली होती, सकाळचा पेपर पहिल्यांदा तोच वाचत होता, आणि नाना त्याला "पोट्टा चांगला आहे" म्हणत होते. पोट्ट्याचं वय पन्नाशीच्या अलीकडे नव्हतं.

अशा वेळी शेजार हवा. तीन घरं पलीकडे कांताबाई राहत. त्यांना सल्ला देण्याची आवड होती आणि वेळही होता.

"बाई बाई, कोण कुठला माणूस, अन् तू त्याले पोळ्या करून घालून राहिली?" त्या फाटकापाशी उभ्या राहून म्हणाल्या. झोपाळ्यावरची लुंगी त्यांना तिथून पाठमोरी दिसत होती. "दारामागं केरसुणी उलटी ठेव. तिसऱ्या दिवशी पाहुणा हलते. माझ्या नणदेवर केलेला उपाय आहे."

"अतिथीवर कसं चालेल ते?"

"मग रंगकाम काढलं सांग. नाही तर मी सांगते माझ्या घरून ओरडून." मग त्यांचा सूर उतरला. "मीच कमनशिबी. माझ्या दादाच्या ऑफिसातला कोणी येणार होता. लाडू करून ठेवले त्याच्यासाठी, ते आता वरवंट्यानं फुटत नाहीत. आलाच नाही तो. दादा म्हणे भारी संकोची माणूस. चहासुद्धा तीनदा विचारावा लागते."

पद्मिनीबाईंनी सहानुभूतीनं मान हलवली. त्या दिवसांत शंकर नगरातल्या ज्या घरात भोपाळचा माणूस आला नव्हता, त्या घरात तो येणार होता. आत झोपाळ्यावरून हाक आली, "ताई, चहा टाकता का? तुमच्यासाठीही टाका."

"तो पहा," कांताबाई म्हणाल्या. "लाज नाही म्हणतात ती हीच."

खरा घोटाळा त्या रात्रीच्या जेवणात उघड झाला. अनंतराव आपणहून बोलत होते. भोपाळला खात्यात आहेत, वरिष्ठ लिपिक. वाटणीत नाव रायपूरला पडलं.

शालिग्रामजींचा घास हातातच राहिला. तेच खातं, तीच जागा. हा भोपाळचा माणूस रायपूरला ढकललेला, ते रायपूरचे भोपाळला. दोघांनी मिळून अर्ज केला, सह्या केल्या, योग्य मार्गानं वर पाठवला की अदलाबदल. म्युच्युअल म्हणतात तिला, आणि सरकारी कारकुनाच्या कानाला हा शब्द वेदमंत्राइतका गोड लागतो.

"मग तुम्ही म्युच्युअल करणार असाल," शालिग्रामजी शक्य तितक्या सहज म्हणाले.

"तेच ठरवून आलो होतो," अनंतराव पोळी मोडत म्हणाले. "आल्या दिवशी कोणी मिळेल का बघायचं आणि परत जायचं. इथं कोण राहतो, म्हटलं. पण ताईंच्या हातचं जेवलो आणि विचार बदलला. आता काही जात नाही मी. एकटा जीव. काय ठेवलंय भोपाळात?"

पद्मिनीबाई डाव घेऊन उभ्या होत्या. डावातली भाजी तशीच राहिली.

"तलाव आहे," शालिग्रामजी म्हणाले. "केवढा मोठा तलाव. हवा काय. पोहे काय."

"आहे ना. छानच आहे भोपाळ," अनंतराव म्हणाले. "तुम्ही जा तिकडं. माझ्या घरमालकाला चिठ्ठी देतो."

असं झालं. यजमानांची बदली रद्द व्हावी म्हणून पद्मिनीबाईंनी अतिथीला जेवू घातलं, देवानं नेमका बदली रद्द करू शकणारा अतिथी पाठवला, आणि तो त्यांच्या जेवणापायी बदली रद्द करायला तयार नव्हता. देवाकडून काही मागताना तपशील नीट सांगावा, असं म्हणतात ते याचसाठी.

"उद्यापासून वाईट कर स्वयंपाक," शालिग्रामजी आतल्या खोलीत म्हणाले.

"अतिथीला मुद्दाम वाईट वाढू? पाप लागेल."

"अन् मी भोपाळले जाऊन राहिलो, ते पुण्य आहे काय?"

पद्मिनीबाई रागावल्या नाहीत. त्या कधी रागावत नसत. त्या पोथी काढत. पोथीत त्यांना वाट सापडली. कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत भीष्मपंचक. त्या दिवसांत पुष्कळ बायका अळणी खातात. आणि या घरात बाई जे खाते तेच सगळे खातात, हा नानांच्या आईपासूनचा शिरस्ता. म्हणजे मुद्दाम वाईट काहीच नव्हतं. मीठ तेवढं देवाला वाहायचं. संकल्प सोडताना मात्र हातातलं पाणी जरा रेंगाळलं. "देवा," त्या मनात म्हणाल्या, "तुला सगळं कळते. म्हणून वेगळं सांगत नाही."

एकादशीला तसाही उपास होता. द्वादशीला बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भोपळ्याची भाजी, बिनमिठाची कढी. नानांनी पहिला घास घेतला, सुनेकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि दवाखान्यात जाऊन येतो म्हणून उठले. ते कांताबाईंकडे गेले. तासाभरात परतले आणि निमूट आपल्या पानावर बसले.

"तिथं काही खाल्लं का, नाना?"

"मीठ होतं," नाना म्हणाले. "मीठच होतं."

शालिग्रामजी त्या दिवशी पाण्यावर जेवले. पण त्यांचे डोळे अनंतरावांच्या पानावर होते. अनंतरावांनी भाजी खाल्ली. थांबले. पुन्हा खाल्ली. मग त्यांनी ताट किंचित दूर केलं, आणि शालिग्रामजींच्या मनात त्यांच्या बदलीची गाडी रायपूर स्टेशनातच उभी राहिली, ती भोपाळकडे सुटलीच नाही.

"ताई," अनंतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. "दादानं तुम्हाला माझ्या ब्लडप्रेशरचं सांगितलं वाटतं. डॉक्टर केव्हाचा म्हणतोय, मीठ सोडा. कोण करून घालतं हो एकट्या माणसाला? तुम्ही सगळ्या घरानं माझ्यासाठी मीठ सोडलंत." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि ताट पुढे ओढलं. "थोडी भाजी अजून."

पौर्णिमेपर्यंत घर अळणी राहिलं. अनंतरावांचा चेहरा उजळला. शालिग्रामजींनी बदलीचं सामान बांधायला खोकी आणली. नाना औषधाच्या पुडीत मीठ बांधून ठेवू लागले आणि पत्त्यांत हरले की जिभेवर चिमूट टाकू लागले.

पद्मिनीबाईंना मात्र वेगळीच गोष्ट टोचत होती. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं ते खरं होतं, आणि ते आपण कमावलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी देवापुढे एक निरांजन जास्त लावलं. भोपाळला जावं लागलं तर जाऊ, त्यांनी ठरवलं. नानांना समजावू. पण उद्यापनाला पान मिठाचं वाढायचं, चांगलं वाढायचं, आणि मग जे विचारायचं ते सरळ विचारायचं.

उद्यापनाला अतिथीला वस्त्र द्यावं लागतं. शालिग्रामजी पंडरीच्या बाजारात गेले. ठोक कापडवाला म्हणाला, "भैया, दर्जन से कम नहीं." त्यामुळे अतिथीला एक गमछा द्यायचा होता, घरात बारा आले. ज्या माणसामुळे आपण हद्दपार होतोय त्याच्यासाठी डझनभर गमछे सायकलला लावून आणणं, याला काय म्हणायचं ते शालिग्रामजींना सुचलं नाही. ते घाटात चालावं तशी सायकल हातात धरून घरी आले.

सवाष्ण म्हणून कांताबाईंना बोलावलं होतं. त्या नव्या साडीत, अतिथी एकदाचा नीट बघायला मिळणार म्हणून जरा लवकरच आल्या आणि भिंतीच्या बाजूला बसल्या. पानावर पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, गोळाभात होता. सगळ्याला मीठ होतं. नानांनी आमटीचा पहिला भुरका घेऊन भिंतीला पाठ टेकली, आणि पुढचं जेवण ते डोळे मिटून जेवले. अनंतराव म्हणाले, आजच्या दिवस चालेल, उद्यापासून पुन्हा पथ्य.

विडा झाला. गमछा दिला. पद्मिनीबाईंनी पदर सावरला, अतिथीला वाकून नमस्कार केला आणि चातुर्मासभर दाबून ठेवलेले प्रश्न विचारले.

"आपण कुठले? कोणाचे? अन् किती दिवस आहात?"

अनंतराव मनापासून हसले. त्यांना हा विधीचाच भाग वाटला. तेही हात जोडून, थाटात म्हणाले, "आम्ही अनंतराव, मुक्काम भोपाळ. आपले बंधू शरच्चंद्रदादा यांचे मित्र. आणि आता कायमचे."

"माझ्या एकाही भावाचं नाव शरच्चंद्र नाही," पद्मिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मग भिंतीच्या बाजूनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्या आहे," कांताबाई म्हणाल्या.

हळूहळू उलगडा झाला. दादानं पत्ता सांगितला होता: शंकर नगर, पाण्याच्या टाकीमागे, दारात तुळस, त्या गल्लीत मराठी घर एकच. दादा शेवटचा आला तेव्हा पांढरीपांड्यांचं घर बांधून व्हायचं होतं. दादानं एवढंच नाही, आणखीही काही सांगितलं होतं. अनंतराव पांढरे पडून कांताबाईंकडे बघत राहिले. "म्हणजे ज्या ताईच्या स्वयंपाकाबद्दल दादा म्हणाला होता की..." आणि ते थांबले. सज्जन माणूस होता.

"काय म्हणाला होता दादा?" कांताबाईंनी विचारलं.

"की... करणाऱ्याचं मन बघावं."

त्यानंतर अनंतरावांचं जे झालं ते बघवत नव्हतं. इतके दिवस चहा मागून घेणारा माणूस आता पाणी प्यायलाही परवानगी विचारू लागला. कोनाड्यातली दाढीची वाटी त्यांनी उचलली, शालिग्रामजींची वाटी जागच्या जागी ठेवली, पेपरची घडी केली. "इतके दिवस परक्या घरात लुंगीवर..." एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दादाचा मित्र खरोखरच संकोची होता. चुकीच्या घराला आपलं समजल्यानं त्याला संकोच वापरायला मिळाला नव्हता.

"राहा हो इथंच," नाना म्हणाले. त्यांच्या हातात पत्ते होते.

पण कांताबाई उठल्या होत्या. "काहून राहतील इथं? माझ्या दादाचा माणूस अन् लोकाच्या घरी? मी दादाले काय तोंड दाखवू? लाडू करून ठेवले आहेत मी." केरसुणी उलटी ठेवायचा सल्ला आपण कोणासाठी देत होतो, हे त्यांना आठवलं असावं, कारण वळकटी त्यांनी स्वतः उचलली. नाना पत्ते घेऊन फाटकापर्यंत पोचवायला गेले.

चातुर्मास संपला होता. दुसऱ्याच दिवशी कांताबाईंनी वांगी आणली.

त्या संध्याकाळी अनंतराव नानांशी पत्ते खेळायला आले. स्वयंपाकघरातून मुगाच्या वड्यांच्या भाजीचा वास येत होता. ते पत्ते वाटायचे विसरले. पद्मिनीबाईंचा जीव तुटला. चार पोळ्या जास्त केल्याही होत्या. पण शेजारणीचा पाहुणा आपल्याकडे जेवला तर शेजारणीचा केवढा अपमान. अतिथीला विचारायचं नाही असा नियम होता, तसा शेजारच्या पाहुण्याला जेवायला थांबवायचं नाही असाही आहे. तो पोथीत नसला तरी जास्त कडक आहे.

"जेवायला काय होतं, भाऊजी?" त्यांनी विचारलं. एवढं विचारायला आता हरकत नव्हती.

"वांगं," अनंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही विचारलं. "वांगंच. कालचं नव्हे. नवं." तिसऱ्या दिवशी विचारायची गरज पडली नाही. अनंतराव आले, झोपाळ्याच्या कडेला टेकले, नानांनी पुढे केलेली मिठाची पुडी त्यांनी हातानं बाजूला केली आणि शालिग्रामजींकडे वळले.

"पांढरीपांडे, ते म्युच्युअलचं काय म्हणत होतात तुम्ही?"

शालिग्रामजींनी अर्ज आधीच लिहून ठेवला होता, तीन प्रतींत. ऑफिसात त्याला लागायचे ते अडथळे लागले. एका बाबूनं सांगितलं की राज्य नवं आहे, शिक्का अजून जुन्या राज्याचाच आहे, तो लावावा की नाही याचा हुकूम यायचा आहे. दुसरा म्हणाला, भोपाळच्या साहेबाची सही आधी हवी. "मी जातो घेऊन," अनंतराव म्हणाले. "आजच जातो."

छत्तीसगड एक्सप्रेसवर सगळे पोचवायला आले. कांताबाईंनी लाडवांचा डबा दिला. तो बाकाखाली ठेवताच झालेल्या आवाजानं समोरचा माणूस दचकून उठला. नानांनी आपला पत्त्यांचा कॅट दिला. शालिग्रामजींनी उरलेल्या गमछ्यांतले चार दिले, आणि अर्ज नीट ठेवलाय ना ते पुन्हा एकदा खिडकीतून हात घालून पाहिलं.

पद्मिनीबाई शेवटी पुढे झाल्या. त्यांनी रुमालात बांधलेला डबा आत दिला. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि थोडं पुरण. मीठ बेतानं घातलं होतं, ब्लडप्रेशर लक्षात ठेवून. डब्याचा वास खिडकीतून बाहेर आला आणि अनंतरावांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशीसारखं काहीतरी उमटलं. त्यांनी गाठीला हात घातला. शालिग्रामजींचा हात पुन्हा खिडकीतून अर्जाकडे गेला.

"आता नको, भाऊजी," पद्मिनीबाई हळूच म्हणाल्या. "डोंगरगड गेल्यावर सोडा."

"का हो, ताई? डोंगरगड कशाला?"

"तिथं आपलं राज्य संपते."

गाडी हलली.